मुंगीची साक्ष

मोहनराव पेशकारांच्या घरी मुंगी मेली ती भर दुपारी, चार भल्या माणसांच्या डोळ्यांदेखत, चांदीच्या वाटीत. एरवी गेवराईत मुंगी मेल्याची दखल कोण घेतो? पण ही मुंगी मंजुळेच्या दुधात मेली होती, आणि मंजुळा म्हणजे मोहनरावांची नुकती बाळंत झालेली बायको. त्रिंबकबुवा वैद्यांनी वाटी उजेडाला धरली, हलवून पाहिली, मुंगीला काडीनं टोचून पाहिलं आणि सुस्कारा टाकून वाटी खाली ठेवली.

"दुधात दोष हाय," बुवा म्हणाले. "माणूस खोटं बोलंल, मुंगी बोलायची न्हाई."

परीक्षा जुनी होती. बाळंतिणीचं दूध वाटीत काढायचं आणि त्यात एक काळी मुंगी सोडायची. मुंगी तरून काठाला लागली तर दूध निर्दोष. बुडाली तर ते बाळाला बाधणार. ही परीक्षा कुणी काढली, कधी काढली, हे बुवांनाही ठाऊक नव्हतं, आणि ज्याचा कर्ता ठाऊक नाही ते शास्त्र, असा त्या काळी गेवराईत रिवाज होता. त्यामुळे तिच्याबद्दल कुणी शंका काढत नसे.

परीक्षेची पाळी आली ती पोराच्या रडण्यानं. पोर उठल्यापासून झोपेपर्यंत रडे, आणि झोपे तेही रडून दमल्यावर. अंगावर मांस धरीना. या घरात अशा रडण्याची सगळ्यांना धास्ती होती. आधीची मुलगी अशीच रडत रडत सुकली आणि सव्वा महिन्याचीही झाली नाही. "दूध बाधलं," असं आळी म्हणाली आणि विषय मिटला. मुलीची जात, तिच्यासाठी कुणी चांदीची वाटी काढली नव्हती की मुंगी हुडकली नव्हती. मोहनरावांनी त्या दिवशीसुद्धा कचेरी बुडवली नाही, याबद्दल त्यांची वाहवा झाली. पण पुन्हा तसलं छोटं गाठोडं हातांवर घेऊन गावाबाहेर जायचं, या विचारानं आता ते रात्री उठउठून पाळण्यात डोकावत.

मंजुळेचं माहेर घाटनांदूरचं. आई लहानपणीच गेलेली, म्हणून दोन्ही बाळंतपणं सासरी, सासूच्या हाताखाली झाली. सासू म्हणजे सरस्वतीबाई, मोहनरावांच्या मातोश्री. बाई मनानं वाईट नव्हत्या हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते सांगायला जागा मिळेलसं वाटत नाही. जे आपल्या सासूनं आपलं केलं तेच त्यांनी सुनेचं केलं. सुरुवातीचं घट्ट पिवळं दूध चीक म्हणून पिळून टाकायला लावलं आणि बाळाला मध चाटवला. गाईचा चीक आला की खरवसासाठी आळीभर वाट्या फिरतात. बाईच्या चिकाला मात्र न्हाणीचा कोपरा. गाईनं काय पुण्य केलं होतं देव जाणे. मंजुळेनं काही विचारलं नाही, सांगतील तसं केलं.

तर मुंगी मेली. पण मोहनराव कचेरीतला माणूस. तहसीलदारसाहेबांच्या उजव्या हाताला बसून कागद पुढं करायचा, आणि कायद्याबाहेर शिंकायचंही नाही, अशी त्यांची ख्याती. ते बुवांना म्हणाले, "एका साक्षीवर शेळीचोरीचासुद्धा निकाल लागत न्हाई, बुवा."

"मग मुराफा करा की," उत्तरेश्वर म्हणाला. हा मोहनरावांच्या हाताखालचा कारकून; पंच म्हणून आला होता. खालचा निकाल पटला नाही की वरच्या कचेरीत मुराफा करायचा, ही निजामाच्या राज्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट. पण मुंगीच्या वर कोण, यावर बराच खल झाला. शेवटी ठरलं, की दुसऱ्या मुंग्या बोलवाव्यात.

"आमच्या अंगणातल्या घ्या," शेजारच्या भिवराबाई म्हणाल्या. "लई धडधाकट हायेत."

सरस्वतीबाईंनी हरकत घेतली. भिवराबाईंच्या मुंग्या या घरातलं खाऊन धडधाकट झालेल्या, त्यांची साक्ष कशी धरायची? मग मारुतीच्या पारावरच्या मुंग्या आणल्या, देवाच्या म्हणजे कुणाच्याच नाहीत म्हणून. त्यातली पहिली सरळ बुडाली. दुसरी वाटीत पडायच्या आधीच बुवांच्या बाहीतून फरार झाली आणि बुवांना अंगरखा काढावा लागला. तिसरी मात्र झुंजली. पाय मारत मारत काठाला आली, दोन पाय वर ठेवले, सगळ्यांनी श्वास रोखले, आणि बया मागल्या मागं पडली. यावर वाद पेटला. उत्तरेश्वराचं म्हणणं, की हुतूतूत मधल्या रेघेला पाय लागला की गडी सुटतो, तसं मुंगीचं धरावं. बुवांनी बरंच डोकं खाजवून दोष मध्यम असल्याचं सांगितलं.

"बुवा," उत्तरेश्वरानं जाता जाता विचारलं, "साध्या पाण्यात टाकली तर मुंगी तरंल का?"

"पाणी काय बाळंत झालंय व्हय?" भिवराबाई म्हणाल्या, आणि सगळे पोट धरून हसले. मोहनरावांच्याही ओठांवर तोच प्रश्न आला होता. पण त्यांनी पंचांदेखत निकालाला मान डोलावली होती, आणि एकदा डोलावलेली मान आडवी हलवणं पेशकारांच्या इभ्रतीला शोभत नाही. आतल्या खोलीत मंजुळा पोराला मांडीवर घेऊन सगळं ऐकत होती. वाटी भरून घ्यायला सासू पुनःपुन्हा आत आली होती, पण तिला कुणी काही विचारलं नव्हतं. साक्ष मुंगीची होती.

"आईनं खाल्लं त्याचंच दूध व्हतं," बुवा निघताना म्हणाले. "तवा तिचं खाणं सांभाळा." सबंध प्रकरणात बुवा एवढं एकच वाक्य खरं बोलले, आणि त्यानंच घात केला. कारण खाणं सांभाळायचं म्हणजे कमी करायचं, हे आळीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बायकांची रीघ लागली. भिवराबाईंनी तुरीचं वरण बंद केलं, बाळाचं पोट फुगतं म्हणून. मागच्या आळीच्या भामाबाईंनी वांगं तोडलं, कारण खरूज. पालेभाजीनं बाळाला हिरवं होतं. बाजरी जड पडते, ज्वारीनं दूध आटतं. गूळ उष्ण, ताक थंड. दाण्यांनी खोकला होतो आणि केळ्यानं सर्दी. उष्ण आणि थंड दोन्ही बंद झाल्यावर जगात उरतं ते कोमट, म्हणून मंजुळेच्या वाट्याला तांदळाची कोमट पेज आली, तीही अळणी. पाणी घोटभर, कारण फार पाण्यानं दूध पातळ होतं. बाळंतिणीसाठी म्हणून आधीच डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. ते उष्ण, तिला चालेनात. मग वाया कशाला घालवायचे, म्हणून सल्ला द्यायला येणारीच्या हातावर एकेक ठेवायची चाल पडली. लाडू उत्तम झाले होते. ते संपेपर्यंत सल्ले काही थांबले नाहीत.

पोर मात्र वाळत चाललं. आईचं दूध थोडं, आणि तेही मध्यम दोषाचं, म्हणून शेळीचं दूध आणायचं ठरलं. गावाबाहेरच्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. तिथून चतुराबाई एक दुभती शेळी घेऊन आली. बुवांनी शेळीलाही पथ्य सांगितलं. बाभळीच्या शेंगा द्यायच्या नाहीत, निवडुंगाकडं जाऊ द्यायचं नाही.

"शेळीला पथ्य?" चतुराबाई म्हणाली. "आवं सरकार, ती कुणाच्या बाच्यानं ऐकती व्हय? ती खाईल ते खाईल."

आणि शेळीनं खाल्लं. बुवांचं पथ्य तिनं अक्षरशः पाळलं. शेंगांना तोंड लावलं नाही. खुंटीवर मोहनरावांची दस्तार, म्हणजे कचेरीत घालायचं पागोटं होतं, तिच्या सुटलेल्या शेवावर ती रात्रभर रवंथ करीत बसली. साहेबांपुढं उघड्या डोक्यानं जाणं म्हणजे गुन्हा. मोहनराव चघळलेली दस्तार तशीच बांधून गेले. कानावर एक ओला शेव लोंबत होता. सगळी कचेरी खाली मान घालून खोकत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांचा असा पाणउतारा झाला नव्हता. इकडं घरी कापसाच्या वातीनं पाजलेलं शेळीचं दूध पोरानं वातीसकट ओकून टाकलं.

"मोहनराव, ये क्या हाल है?" तहसीलदारसाहेबांनी विचारलं. साहेब भला माणूस. मुंगी, दूध, शेळी, सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की विलायतेत बच्च्यांना डब्यातलं दूध देतात. नगरला मिळतं, मागवून घ्या. मोहनरावांना हुरूप आला. डब्यावर छापील कागद होता, आणि छापील कागदावर त्यांचा मुंगीपेक्षाही विश्वास होता. त्यांनी लगोलग एका गाडीवानाला नगरला धाडलं.

डबा नगरहून निघाला तो निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर अडकला. बाहेरून येणाऱ्या मालावर महसूल घेणारं हे ठाणं. दूध नाशवंत, त्याला माफी. पण डबा पत्र्याचा, त्याला महसूल. औषध म्हणावं तर वैद्याची चिठ्ठी हवी, आणि बुवांच्या चिठ्ठीवर मुंगीखेरीज दुसरं कारण नव्हतं. नाकेदारानं माल ओळखण्यासाठी डबा फोडून चाखला. मग त्याच्या वरच्यानं चाखला, मग रखवालदारानं. चव सगळ्यांना पसंत पडली, तरी वर्गवारी ठरेना. मोहनरावांनी स्वतः कायदेकानू लावून इतके अर्ज परत धाडले होते, की दुसऱ्याच्या कायद्यापुढं रडायची त्यांना लाज वाटली. ते रोज संध्याकाळी गावकुसापर्यंत जाऊन वाट बघत.

डबा आला तेव्हा अर्धा होता आणि त्यात मुंग्या होत्या, जिवंत, टुणटुणीत. म्हणजे परीक्षेची गरजच उरली नाही. भिवराबाईंनी हात जोडले. पोराला ते दूध पाजलं आणि त्या दिवसापासून त्याला जुलाब लागले. डोळे खोल गेले, टाळू खाली बसली. आणि मग एका सकाळी त्याचं रडणं थांबलं.

"गुण आला बघा," भिवराबाई दारातून म्हणाल्या. "कसं शहाण्यावानी पडलंय."

मोहनरावांनी मात्र पोराच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. मुलीचं रडणंसुद्धा असंच थांबलं होतं, आणि त्याही वेळी कुणीतरी गुण आला म्हणालं होतं. डबा बंद झाला, शेळी परत गेली, आणि दुसरं काहीच उरलं नाही म्हणून पोराला पुन्हा मंजुळेच्या अंगाला लावलं. ते ओढी, पण येणार काय? पेजेचं पाणी! मोहनरावांनी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

बुवांनी डोळे मिटले आणि उघडले. "मुंग्यांचा तळतळाट हाय," ते म्हणाले. "बाळंतघरात जीव मारले आपण. त्यांची शांती केली पायजे."

मुंग्या कुणी मारल्या हा प्रश्न कुणी काढला नाही. शांती अशी: कणीक तुपात खमंग भाजायची, तीत साखर आणि किसलेलं खोबरं घालायचं, आणि मागच्या अंगणातल्या वारुळावर रोज नेऊन घालायचं. जिच्या दुधात जीव गेले तिनंच स्वतःच्या हातानं घालायचं, बाळ पदराखाली घेऊन. आणि घालताना कुणाची नजर पडू द्यायची नाही. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो, पण देवाधर्माच्या कामाला मोकळीक मिळाली. घालायचं किती, हे काही बुवा बोलले नाहीत. "वारुळात मुंग्या किती, कुणी मोजल्यात?" असं म्हणून सरस्वतीबाईंनी परात काढली. सुनेच्या पेजेत मिठाचा खडा पडू न देणारी ती बाई मुंग्यांसाठी तुपाचं भांडं उपडं करू लागली. मुंग्यांना खोबऱ्यानं खोकला होतो का, साखर त्यांना उष्ण पडते का, हे कुणी विचारलं नाही. रोज दुपारी मंजुळा पेज पिऊन उठे आणि वाफाळतं ताट घेऊन मागं जाई.

आणि नवल झालं. पोर पुन्हा रडू लागलं, चांगलं खणखणीत. मग ओढू लागलं. मग पिऊन झोपू लागलं, आणि हळूहळू मनगटाला वळी पडली. आळीत श्रेयासाठी झोंबाझोंबी सुरू झाली. बुवा शांतीचा गुण सांगत. भिवराबाई म्हणत, वरण आपण बंद केलं म्हणून. भामाबाई वांग्याला धरून होत्या. मोहनरावांना कुणाशीच वाद घालायचा नव्हता. पोराच्या मुठीत आपलं बोट देऊन ते तासन्‌तास बसून राहत.

पण काम करणाऱ्याला शाबासकी दिली पाहिजे, हा त्यांचा कचेरीतला नेम होता. एका सुट्टीच्या दुपारी त्यांना वाटलं, ज्या मुंग्यांनी आपल्याला क्षमा केली त्यांचं एकदा दर्शन घ्यावं. नजर पडू द्यायची नाही हे ठाऊक होतं, म्हणून ते कडब्याच्या गंजीआडून गेले.

वारुळावर चार मुंग्या इकडं तिकडं हिंडत होत्या. परातीएवढं अन्न रोज खाणाऱ्या त्या दिसत नव्हत्या. गंजीच्या सावलीला मंजुळा बसली होती. पोर छातीशी होतं आणि ताट मांडीजवळ. ती बकाबका खात होती. दोन्ही गाल भरलेले, हनुवटीला तूप. मान खाली घालून घासामागून घास कोंबत होती, आणि खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं तेही पुसत नव्हती. पोराच्या गिळण्याचा गुटगुट आवाज गंजीआड ऐकू येत होता.

"ते मुंग्यांचं हाय," मोहनराव म्हणाले. पेशकाराच्या तोंडून दुसरं काय निघणार?

तिनं दचकून तोंडावर हात धरला. मग तोंडातलं गिळलं. "त्यान्ला ठेवते चिमूटभर," ती म्हणाली. "बाकीचं त्यान्ला जात न्हाई."

"असं कावून केलंस?"

"भूक लागती."

"मग सांगायचं न्हाई का?"

"कुणी इचारलं न्हाई." ती ताटाकडं बघत होती. घ्यावं की नको, हे तिला कळत नव्हतं. "मी खाल्लं की ह्याला येतं. न्हाई खाल्लं की येत न्हाई. एवढंच हाय ते."

मोहनराव तिथंच गंजीला टेकून खाली बसले. त्यांना विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "मग... ती पोरगी?"

मंजुळेनं पोराला पदराखाली नीट घेतलं.

"तिच्या वक्ताला बी पेजच व्हती, अन् मुंग्यान्ला कुणी घातलं नव्हतं," ती म्हणाली.

मोहनराव उठून घरात आले. स्वयंपाकघरात त्रिंबकबुवा पाटावर बसले होते आणि दोष फिटल्याचं जाहीर करीत होते. उद्यापासून मुंग्यांचं ताट बंद करावं, बाळंतिणीची पेज तेवढी चालू ठेवावी. सरस्वतीबाईंनी कढई चुलीवरून उतरवलीसुद्धा होती. नातवाच्या आनंदानं त्यांचा चेहरा उजळला होता.

मोहनरावांच्या जिभेवर खरं आलं होतं. ते बोलले असते तर आईला एका मुलीबद्दल ऐकावं लागलं असतं, आणि स्वतःलाही. दोन्ही त्यांच्यानं झेपणार नव्हतं. शूर माणसाची ही गोष्ट नाही, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलंच असेल.

"बुवा," ते म्हणाले, "पहिल्या मुलीच्या वेळची शांती राहिली हाय."

बुवांनी बोटं मोजल्यासारखं केलं. राहिलेल्या शांतीला नाही म्हणणारा वैद्य अजून जन्मायचा होता. "राहिली खरी," ते म्हणाले. "दुप्पट करावी लागंल. बरेच दिवस."

सरस्वतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मुलीचं नाव त्या घरात कुणी काढत नसे. त्यांनी कढई पुन्हा चुलीवर चढवली, तूप ओतलं, मग थांबून आणखी एक पळी ओतलं, आणि डब्यातून मूठभर डिंक काढून तळायला घेतला.

"खाऊ दे बिचाऱ्यान्ला," कणीक परतता परतता त्या म्हणाल्या. "मुक्या जिवाला भूक लागली तरी सांगता येत न्हाई रे, मोहना. आपुनच समजून घ्यावं."

ताट भरलं तसं मोहनरावांनी ते उचललं. चटके बसत होते म्हणून ते धोतराच्या सोग्यात धरलं आणि मागच्या अंगणात नेऊन बायकोपुढं ठेवलं. कुणी येऊ नये म्हणून ते गंजीच्या तोंडाशी तिच्याकडं पाठ करून बसले, आणि मागून तिच्या खाण्याचा आवाज येऊ लागला तेव्हा त्या मुलीसाठी त्यांना पहिल्यांदा रडू आलं.